गोवा की मकाव? प्रबंधासाठी विषय निवडताना

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहतीचं सरकार बलाढ्य शेजाऱ्याशी कसं वागलं, हे अभ्यासायचं तर गोवा आणि चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव ही पोर्तुगीज वसाहतींचीच जोडी घ्यावी. लिस्बनमधून हुकूम दोन्हीकडे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचाच. तरी गोवा 1961 साली सुटला आणि मकाव 1999 पर्यंत राहिला.

गोव्याचा वाद कायद्याच्या भाषेत चालला. भारताने फेब्रुवारी 1950 मध्ये वाटाघाटींचा प्रस्ताव दिला, पोर्तुगालने तो धुडकावला. 1951 मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवलं, म्हणजे तडजोडीची वाट स्वतःच बुजवली. जून 1953 मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यावर नाकेबंदी कडक झाली. तिने गोवा सरकार गुडघे टेकेल हा होरा मात्र फसला, कारण समुद्र मोकळा होता आणि लोहखनिजाची निर्यात वाढत होती. भारतीय भूमीने वेढलेल्या दादरा-नगरहवेली या पोर्तुगीज मुलखात जाण्याच्या वाटेवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला 1960 चा निकाल मुळातून वाचा: नागरी वाहतुकीचा हक्क मान्य, सैन्य-शस्त्रांचा अमान्य.

मकावमध्ये भाषा व्यापाऱ्यांची. पोर्तुगालचे राजनैतिक संबंध 1975 पर्यंत तैवानशी होते, बीजिंगशी ते 1979 साली जुळले. त्यामुळे बोलणी हो यिनसारख्या व्यापाऱ्यांमार्फत चालत. अन्नधान्य मुख्य भूमीवरून येई, म्हणजे नाक चीनच्या चिमटीत. 1952 मध्ये सीमेवर चकमक झाली, तेव्हा मकावनेच माफी मागून भरपाई दिली. डिसेंबर 1966 मध्ये तायपा बेटावरच्या शाळेच्या बांधकामावरून दंगल उसळली, पोलीस-लष्कराच्या गोळीबारात 8 जण मेले. 29 जानेवारी 1967 रोजी गव्हर्नर नोब्रे द कार्वाल्यू यांनी चिनी व्यापारी मंडळाच्या इमारतीत, माओच्या तसबिरीखाली माफीनाम्यावर सही केली. झेंडा पोर्तुगालचा राहिला, शब्द बीजिंगचा चालू लागला. कोरियन युद्धाच्या निर्बंधांत माल आत नेण्यासाठी मकावचं हे दार चीनला उपयोगीच पडलं होतं.

‘नेहरू मवाळ, माओ जहाल’ या चौकटीत विषय बसवू नका. सैन्य घुसलं ते गोव्यात.

मराठी-इंग्रजीवरच भिस्त असेल तर गोवा घ्या. पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीमुळे मराठीत भरपूर साहित्य आहे, पण सरकारी बाजूसाठी पोर्तुगीज शिकावीच लागेल. चिनी येत नसेल तर मकावची अर्धीच बाजू हाती लागते. प्रश्न म्हणून मात्र मकाव अधिक रसाळ. गोव्यासाठी 1947 ते 1961 हा सगळा पट एका प्रबंधात पेलत नाही, 1953 ते 1955 घ्या. मकावसाठी डिसेंबर 1966 आणि जानेवारी 1967 हे दोन महिने पुरतात.