फलकनिर्मिती शिकायची कुठे? उमेदवारी, अभ्यासक्रम आणि स्वशिक्षण यांचा तुलनात्मक आढावा

फलक तयार करण्याच्या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या माणसापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. एखाद्या चालत्या कार्यशाळेत उमेदवारी करावी, संस्थेचा ठरावीक मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, किंवा यंत्र विकत घेऊन विक्रेत्याच्या प्रशिक्षणावर आणि स्वतःच्या सरावावर भिस्त ठेवून थेट कामाला लागावे. या तिन्ही वाटांनी आलेल्या उत्तम माणसांबरोबर मी काम केले आहे. तरीही निवड करताना बहुतेक जण हात कुठे लवकर बसेल एवढेच पाहतात आणि ते मला अपुरे वाटते. अक्षराचे वळण चाळिशीतही सुधारता येते. पण शिडी उभी करण्यापूर्वी वर नजर टाकून विजेच्या तारा आहेत का हे पाहण्याची सवय माणूस पहिली दोन वर्षे जिथे घालवतो तिथेच लागते, आणि तिथे लागली नाही तर पुढे ती लावून घेणे फार कठीण जाते. म्हणून या आढाव्यात मी कौशल्याइतकेच वजन सुरक्षेच्या शिस्तीला आणि सोबतच्या माणसांना दिले आहे.

निवडीपूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फलकनिर्मिती या एका नावाखाली ब्रशने अक्षरे रंगवणे, काचेवर सोन्याचा वर्ख लावणे, व्हिनाइल (पाठीला चिकट थर असलेली पातळ प्लास्टिकची पट्टी) कापणे व चिकटवणे, मोठ्या आकाराची छपाई, अॅक्रिलिक व धातूची उठावाची अक्षरे घडवणे, एलईडीची जोडणी, निऑनच्या नळ्या वाकवणे आणि तयार झालेला फलक उंचावर बसवणे एवढी कामे मोडतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाच्या आज्ञेने व्हिनाइलची अक्षरे कापणारी यंत्रे आली आणि पाहता पाहता ब्रशचे बरेचसे रोजचे काम त्यांच्याकडे गेले. त्यानंतर मोठ्या छपाईयंत्रांनी उरलेल्यातला मोठा वाटा उचलला. त्यामुळे या व्यवसायात शिरण्याचा उंबरठा खाली आला हे खरे. फलक भिंतीवर बसवण्यातला धोका मात्र जिथल्या तिथेच राहिला.

कार्यशाळेतील उमेदवारी

उमेदवारीचा खरा लाभ नजर तयार होण्यात आहे. अनुभवी पेंटर अक्षर कसे ओढतो ते जवळून पाहावे. डाव्या हातात टोकाला कापडाचा गोळा बांधलेली काठी असते, तिच्यावर उजवे मनगट टेकलेले असते, आणि लांब केसांचा ब्रश रंगात बुडवल्यावर तो पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन्ही अंगांनी फिरवून त्याची धार चपटी केली जाते. मग अक्षरांच्या कडेने भोके टोचलेल्या कागदी खाक्यातून खडूची पूड थोपटून उमटवलेल्या ठिपक्यांवरून तो एकाच ओघात उभी रेघ खाली आणतो. वाटेत थांबत नाही, कारण थांबलेल्या जागी रंग जाड होतो आणि ती गाठ वाळल्यावरही दिसते. हे वर्णन वाचायला एक मिनिट पुरते. प्रत्यक्षात ब्रशमध्ये रंग किती असावा, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर तो किती पातळ करावा, हे कोणाच्या तरी शेजारी उभे राहून महिनोन्महिने केल्यावरच कळते.

उमेदवारीत कामाचा वेगही कळतो. फलक दिलेल्या वेळी लागला पाहिजे, मोजमाप चुकले तर जागेवरच मार्ग काढला पाहिजे, पाऊस आला तर सामान आवरून पुन्हा यायला हवे, हे कोणत्याही वर्गात पुरेसे शिकवता येत नाही.

पण उमेदवारीत गुरूचे गुण येतात तशा त्याच्या खोडीही येतात. माझ्या उमेदवारीच्या काळात जुने फलक घासून पुन्हा रंगवण्याचे काम नव्या मुलांकडे असे. आम्ही कोरड्या पॉलिश कागदाने दिवसभर घासत होतो, नाकाला साधा रुमालसुद्धा नव्हता, आणि त्याच हातांनी जेवत होतो. जुन्या इनॅमलमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि लाल छटांमध्ये, शिशाची संयुगे असत; त्याची धूळ श्वासातून आणि अन्नातून शरीरात जाते व साठत राहते. असे थर ओले करून घासावेत, योग्य गाळणीचा मुखवटा वापरावा आणि कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, हे मला तिथून बाहेर पडल्यानंतर कळले. मालक वाईट नव्हता. त्यालाही कोणी सांगितले नव्हते, आणि उमेदवारीतील सर्वांत मोठा धोका मला तोच वाटतो.

यावर काही ठिकाणी चांगला तोडगा निघाला आहे. जर्मनीत फलक आणि प्रकाशित जाहिराती बनवणाऱ्या कारागिरांसाठी तीन वर्षांचे दुहेरी प्रशिक्षण असते, ज्यात शिकाऊ माणूस कार्यशाळेत काम करतो आणि सोबत व्यवसाय विद्यालयातही जातो. एका ठिकाणी पाहिलेली चूक दुसऱ्या ठिकाणी उघडी पडते. जिथे अशी सोय नाही तिथे उमेदवाराने ती स्वतःपुरती उभी करावी, म्हणजे दिवसा कार्यशाळा आणि जोडीला विजेच्या किंवा वेल्डिंगच्या कामाचा एखादा छोटा वर्ग.

संस्थेतील अभ्यासक्रम

अभ्यासक्रम 'का' या प्रश्नाचे उत्तर देतो. लेझर यंत्रात अॅक्रिलिक स्वच्छ कापले जाते, पण पीव्हीसी किंवा व्हिनाइल कधीही घालायचे नसते, कारण ते जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो, जो फुप्फुसांना इजा करतो आणि यंत्राचे धातूचे भागही गंजवतो. कार्यशाळेत बहुधा 'ते यात घालू नकोस' एवढेच सांगितले जाते. कारण माहीत असलेला माणूस मात्र अनोळखी पत्रा हातात आला की तो कशाचा आहे हे आधी विचारतो. तीच गोष्ट अॅक्रिलिकच्या प्रसरणाची. सुमारे अडीच मीटर लांबीचा पत्रा तापमानातील चाळीस अंशांच्या फरकाने सहा-सात मिलिमीटर लांब होतो. स्क्रूची भोके घट्ट ठेवली तर तो पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून तडकतो.

वाऱ्याचा हिशेबही वर्गातच नीट शिकता येतो. ताशी १४४ किलोमीटर वेगाचा वारा सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजनाइतका दाब देतो. म्हणजे तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच फलकावर सहाशे किलोंचा रेटा येतो, आणि आकारानुसार तो आणखी वाढू शकतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर हा दाब निम्मा न होता चौथाईवर येतो. हे एकदा कागदावर मांडलेला विद्यार्थी चार भिंतखिळ्यांवर मोठा फलक टांगायला सहसा तयार होत नाही.

अभ्यासक्रमाची उणीव घाईच्या अनुभवात आहे. वर्गातली भिंत नेहमी सरळ असते, शिडी नेहमी सपाट फरशीवर उभी असते आणि ग्राहक खाली उभा राहून घड्याळ पाहत नसतो. शिवाय प्रत्येक संस्थेत ब्रशचे काम शिकवतातच असे नाही. लॉस एंजेलिस येथील ट्रेड टेक्निकल महाविद्यालयासारखी, हाताने अक्षरे रंगवण्याचे शिक्षण दीर्घकाळ जिवंत ठेवणारी ठिकाणे मोजकीच आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष फलक बसवण्याच्या जागी किती वेळा नेले जाते, हे स्पष्टपणे विचारावे.

यंत्र घेऊन स्वशिक्षण

विक्रेत्याचे प्रशिक्षण यंत्रापुरते असते, आणि तेवढ्यापुरते ते चांगलेही असते. छपाईचे डोके कसे स्वच्छ ठेवावे, रंगांची जुळवणी कशी करावी, सुरीचा दाब किती असावा हे त्यात मिळते. सॉल्व्हंट शाईने छापलेल्या व्हिनाइलवर लगेच लॅमिनेशन केले तर आत अडकलेल्या सॉल्व्हंटमुळे चिकट थर मऊ पडतो आणि कडा उचलतात, म्हणून निदान २४ तास थांबावे, हेही बहुतेक विक्रेते सांगतात. मात्र फलक यंत्रातून बाहेर आल्यानंतरचे जग त्या प्रशिक्षणात नसते.

एलईडीच्या बाबतीत हे विशेष जाणवते. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून स्वतः शिकलेली मंडळी ते काम निर्धास्तपणे करतात. पण एकूण ६० वॉटच्या मोड्यूलना (एलईडीच्या छोट्या तयार पट्ट्यांना) १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह लागतो. बारीक तार किंवा सैल जोड असेल तर तिथे उष्णता साठते आणि बंद अक्षराच्या पोटात प्लास्टिक वितळू लागते.

ज्याला जमिनीवर उभे राहून करता येणारे काम करायचे आहे, म्हणजे वाहनांवरील ग्राफिक्स, काचेवरील अक्षरे, इमारतीच्या आतले दिशादर्शक फलक, त्याच्यासाठी ही वाट योग्य आहे, असे माझे मत आहे. उंची आणि वीज यांचे काम त्याने जाणकाराकडे सोपवावे आणि त्याचा मोबदला आपल्या दरात आधीच धरावा.

सुरक्षेचे नियम: लिहिलेले आणि पाळलेले

नियम देशागणिक वेगळे आहेत आणि त्यांमागची विचारपद्धतीही वेगळी आहे. अमेरिकेत बांधकामाच्या जागी सहा फूट, म्हणजे सुमारे १.८ मीटर उंचीपासून पडण्यापासून संरक्षणाची व्यवस्था आवश्यक ठरते. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांत अशी किमान उंचीच नाही. पडल्याने इजा होऊ शकते अशी कोणतीही उंची त्यात येते आणि पहिला प्रश्न असा असतो की हे काम वर न चढता करता येईल का. मला ही दुसरी पद्धत शिकाऊ माणसासाठी अधिक हिताची वाटते, कारण आकडा पाठ केला की माणूस त्या आकड्याच्या खाली निश्चिंत होतो. बुटक्या शिडीवरून पडूनही हाडे मोडतात.

शिडीचा नियम सगळीकडे जवळपास सारखा आहे: चार माप उंचीला एक माप पाया भिंतीपासून दूर, आणि शिडीवरून वरच्या कडेवर पाऊल टाकायचे असेल तर शिडीचे टोक त्या कडेच्या सुमारे एक मीटर वर. ज्या कामाला दोन्ही हात लागतात ते शिडीवरचे कामच नव्हे. त्यासाठी परांची किंवा उचलणारे यंत्र हवे.

रंगांपैकी दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. त्यातील आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अगदी थोडा संपर्कही त्रास देतो. फवारणीच्या वेळी कोळशाच्या गाळणीच्या मुखवट्यावर विसंबू नये. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. हे अनेक चांगल्या कार्यशाळांतही पाळले जात नाही, ही मला मनापासून खटकणारी गोष्ट आहे.

मग कार्यशाळा किंवा संस्था पाहायला गेल्यावर हे सारे ओळखायचे कसे? भिंतीवरचे सूचनाफलक वाचण्यात वेळ घालवू नये. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप लावले जाते का आणि त्याची किल्ली कोणाजवळ असते, असे विचारावे. जो माणूस तारांना हात लावणार आहे त्याच्याच खिशात किल्ली असली पाहिजे. 'आम्ही खाली एकाला उभे करतो' हे उत्तर मिळाले, तर तो उभा असलेला माणूस चहाला गेल्यावर काय होते याचा विचार करावा. दुसरा प्रश्न असा विचारावा की वारा वाढला म्हणून काम थांबवल्याची शेवटची वेळ कोणती. ज्यांना ती आठवते तिथे शिकण्यात अर्थ आहे.

सोबतची माणसे

पूर्वी अनेक कार्यशाळा आपापल्या युक्त्या जपून ठेवत. १९७५ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे काही तरुण पेंटर एकत्र येऊन आपले ज्ञान एकमेकांना खुलेपणाने देऊ लागले आणि त्यातून 'लेटरहेड्स' ही चळवळ उभी राहिली. तिचे मेळावे पुढे अनेक देशांत भरू लागले. अशा मेळाव्यात नवखा आणि जुना एकाच फळीवर अक्षरे रंगवतात. सिनसिनाटी येथून १९०६ पासून निघालेले 'साइन्स ऑफ द टाइम्स' हे नियतकालिक आणि त्याच शहरातील फलकांचे संग्रहालय यांनीही या व्यवसायाला स्वतःची स्मृती दिली आहे.

उमेदवाराला सोबत आपोआप मिळते, पण ती एका छपराखालची असते. अभ्यासक्रमात समवयस्क मिळतात, जे पुढे वेगवेगळ्या ठिकाणी जातात आणि म्हणून अधिक उपयोगी पडतात. स्वतः शिकणाऱ्याला सोबत शोधावी लागते आणि त्यालाच तिची सर्वाधिक गरज असते. सोबतीचे काम कौतुक करण्यापुरते नसते. थोडक्यात टळलेला अपघात न लाजता सांगता येईल अशी माणसे हवीत, कारण ती गोष्ट ऐकून दुसऱ्या कोणाची तरी शिडी वेळेवर सरकवली जाते.

कोणी काय निवडावे

ब्रश, वर्ख किंवा उठावाच्या अक्षरांचे काम करायचे असेल तर उमेदवारी निवडावी आणि तिला वर्गाची जोड द्यावी. मोठे, प्रकाशित आणि उंचावरचे फलक हे ध्येय असेल तर आधी अभ्यासक्रम आणि मग बसवणी करणाऱ्या पथकात निदान एक वर्ष, हा क्रम मी सुचवेन. छपाई आणि व्हिनाइलपुरते काम असेल तर स्वशिक्षणाला हरकत नाही.

निऑनसाठी मात्र एकच वाट आहे. येथे निऑन म्हणजे वायू भरलेली काचेची नळी. हल्ली त्याच नावाने विकली जाणारी एलईडीची लवचिक पट्टी वेगळी. खऱ्या निऑनचे ट्रान्सफॉर्मर काही हजारांपासून १५,००० व्होल्टपर्यंत दाब देतात, नळी आतून शुद्ध करताना तिच्यातून नेहमीच्या वापरापेक्षा कितीतरी अधिक प्रवाह सोडून काच तापवावी लागते, आणि आर्गॉन भरलेल्या निळ्या नळ्यांत पाऱ्याचा थेंब घालतात, जो नळी फुटल्यावर बाहेर येतो. काच ज्योतीवर फिरवताना ती कधी वाकवायची हे तिच्या ढिलेपणावरून बोटांना कळावे लागते आणि नळीत तोंडाने किती फुंकायचे हे शेजारच्या माणसाकडे पाहून शिकावे लागते. त्यासाठी काचकाम करणारा गुरू शोधावा, तो दूर असेल तर तिथे जाऊन राहावे, आणि तो सापडेपर्यंत उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर विकत घेऊ नये.