खाजणातली कोळंबी: एएससी, बीएपी की नुसती शफरी?

दर विचारायला फोन करावा तर कोळंबी निर्यात करणारा प्लांटवाला उलट विचारतो, "सर्टिफिकेट कुठलं?" दोन-चार तळ्यांत वॅनामेई जातीची कोळंबी सोडणाऱ्याने मग एएससी, बीएपी, शफरी यांतलं कुठलं प्रमाणपत्र घ्यावं?

कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटी या सरकारी प्राधिकरणाची नोंदणी यात धरू नका. 2005 च्या कायद्याने ती लागतेच. एमएससीचा (मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल) निळा शिक्काही विसरा, तो समुद्रात पकडलेल्या मासळीचा.

बीएपी (बेस्ट अ‍ॅक्वाकल्चर प्रॅक्टिसेस) अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला ओळखीचं. प्लांट, तळी, हॅचरी, खाद्याचा कारखाना यांतल्या किती कड्या प्रमाणित, त्यावर एक ते चार तारे. म्हणजे तुमचं तळं आरशासारखं ठेवलंत तरी चार तारे एकट्याने मिळत नाहीत.

2010 साली उभी राहिलेली एएससी (अ‍ॅक्वाकल्चर स्ट्युअर्डशिप कौन्सिल) युरोपात जास्त चालते आणि जास्त खोलात शिरते. शेजारच्या शेतात खारं पाणी झिरपतं का, मासेमारांची वाट अडली का, हे गावात बसून विचारावं लागतं, आणि ऑडिटचा अहवाल जाहीर होतो. भावकीत वाद असेल तर तयारीनेच जा!

कोकणात खरी मेख कांदळवनाची. बांध फुटला, भात सुटलं, पडीक खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीत) कांदळ वाढलं. सातबारा म्हणतो शेत, उपग्रहाचा फोटो म्हणतो जंगल. 1999 नंतर ते तोडून तळं काढलं असेल तर एएससी जवळपास संपलीच. बीएपीत भरपाईच्या लागवडीची वाट आहे. जुने फोटो आधी स्वतः बघा, फी नंतर भरा.

एमपीईडीए या केंद्राच्या समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची शफरी फक्त अँटिबायोटिक नसल्याची हमी देते. व्याप छोटा, पण माल परत येतो तो बहुधा याच कारणाने. युरोपने 2016 मध्ये भारतीय कोळंबीच्या निम्म्या कन्साइनमेंट तपासायला घेतल्या, तेही यामुळेच.

वही मात्र तिन्हीकडे लागते: सीड (कोळंबीची पिल्लं) कुठल्या हॅचरीचं, खाद्याच्या पोत्याचा बॅच नंबर, चेक ट्रेत (खाद्य खाल्लं का ते बघायच्या ताटलीत) उरलं किती. आमच्या वहीत दिवाळीची चार पानं कोरी निघाली. ऑडिटरने शांतपणे विचारलं, "चार दिवस कोळंबी उपाशी होती?"

माझं मत: छोट्याने शफरीपासून सुरुवात करावी. प्लांट खर्च उचलत असेल तर बीएपी. एएससी गटानेच, तीही खरेदीदाराने लेखी दिल्यावर. आणि तळ्यातला जिताडा मासा पेण-अलिबागलाच विकणार असाल तर यातलं काहीच नको. तिथलं गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं.