वर्गातल्या स्लाइडसाठी गुगलचे देवनागरी फॉन्ट: कुठला घ्यावा, कुठला नको

मराठी माध्यमात विज्ञान आणि मराठी शिकवते, रोजच्या स्लाइड गुगल स्लाइड्समध्येच करते, आणि स्टाफरूममध्ये "मॅडम कुठला फॉन्ट आहे हो हा" असं कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी फॉन्ट घ्यायचा कसा ते. फॉन्टच्या यादीत सगळ्यात वर 'मोअर फॉन्ट्स' आहे, ते उघडून स्क्रिप्ट्समध्ये देवनागरी निवडा, मग हवे त्यांच्यावर टिक करून ओके. हा फिल्टर लावाच, कारण यादीतल्या बऱ्याच छान दिसणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतातच, तुम्ही फॉन्ट बदलत बसता आणि मराठी मजकूर मात्र आहे तसाच राहतो, बदलतात ती फक्त इंग्रजी अक्षरं. आणि प्रत्येक स्लाइडवर फॉन्ट लावत बसू नका, 'एडिट थीम'मध्ये एकदा लावला की सगळीकडे येतो.

माझी पहिली पसंती मुक्ता. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलाय, एक्स्ट्रा लाइटपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत ७ वजनं (म्हणजे रेघेच्या जाड्या) आहेत, आणि इंग्रजी अक्षरंही त्याच घडणीची, त्यामुळे एकाच ओळीत मराठी वाक्य आणि रासायनिक सूत्र आलं तरी जोडकाम वाटत नाही. फक्त वर्गात लाइट वजन वापरू नका. खिडक्यांना पडदे नाहीत, प्रोजेक्टर जुना, बारीक रेघा भिंतीवर उरतच नाहीत. मीडियम किंवा सेमी बोल्ड घ्या. सगळ्यात जाड पण नको, कारण मागच्या बाकावरून 'शुद्ध' मधला द्ध आणि 'राष्ट्र' मधला ष्ट्र नुसता काळा ठिपका दिसतो.

कुठलाही नवीन फॉन्ट घेताना मी एक ओळ टाइप करून बघते: 'दुसऱ्या तऱ्हेच्या ॲल्युमिनियमचा शुद्ध गोळा सर्वांनी उचलला'. ऱ्य आणि ऱ्ह नीट आले पाहिजेत, हे आपल्या मराठीचं खास. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या ठरलेल्या संकेतात) २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन दिसू शकतो. 'सर्वांनी'मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात का तेही बघा. आणि ओळींमधलं अंतर १.१५ च्या खाली नेऊच नका, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि मुलं तिथेच अडखळतात.

आता ल आणि श. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला ठरवून दिली त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे, बालभारतीच्या पुस्तकात मुलं तेच बघतात, वहीत तेच गिरवतात, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये मात्र हिंदी वळणाचा ल, श येतो. पाचवी सहावीच्या मुलाला वाचता येतं हो, पण पहिली दुसरीच्या मुलाला फळ्यावर एक ल आणि पडद्यावर दुसरा ल कशासाठी दाखवायचा? त्यासाठी टिरो देवनागरी मराठी घ्या. टिरोवाल्यांनी हिंदी, संस्कृत आणि मराठी असे तीन वेगळे फॉन्टच दिलेत, मराठीवाल्यात कुठलंही सेटिंग न शोधता आपली वळणं मिळतात. पुस्तकासारखं देखणं अक्षर आहे, कवितेच्या तासाला मी हाच लावते. पण यात रेग्युलर आणि इटॅलिक एवढंच आहे, खरा बोल्ड नाही, आणि रेघेत जाड-बारीक फरक असल्याने साइज ३२ च्या वर ठेवावा लागतो. मथळ्याला त्याच्या जोडीला मुक्ता बोल्ड चालतो.

बालू गोल गुबगुबीत, लहान मुलांच्या मथळ्याला मस्त, पण परिच्छेदाला नको. कलम हाताने लिहिल्यासारखा, एखाद्या सुविचारापुरता ठीक. यात्रा वन मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, एकच वजन आहे, पण भूगोलात वाहतुकीचा धडा असेल तर पहिल्या स्लाइडला तोच लावा, मुलं लगेच ओळखतात.

जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स तशाच पेस्ट केल्या तर इंग्रजी खिचडी दिसणार, कारण ते युनिकोड नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं स्वतः वाचून घ्या.

शाळेत नेट नसेल तर फाइल पीपीटी म्हणून उतरवली की त्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसल्यामुळे दुसराच लागतो आणि ओळी तुटतात. हे फॉन्ट ओपन लायसन्सचे आहेत, गुगल फॉन्ट्सवरून उतरवून शाळेच्या कॉम्प्युटरवर बिनधास्त इन्स्टॉल करा. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये ऑप्शन्स, सेव्ह, तिथे फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायची सोय पण आहे. ॲनिमेशन नसेल तर सरळ पीडीएफ करून पेनड्राइव्हवर न्या, अक्षर हलत नाही.