टेलनेट की एसएसएच?
दूरच्या संगणकावर लॉगिन होऊन काम करायचे हे दोन मार्ग. टेलनेट 1969 सालच्या, इंटरनेटचा पूर्वज अर्पानेटच्या काळातलं. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं नि संशोधनसंस्था. कोणी मध्येच कान लावून बसेल, ही धास्तीच नव्हती. म्हणून 23 नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे संगणकाचं जाळ्याकडचं नंबर दिलेलं दार) पासवर्डसकट सगळं उघडं जातं. वाटेत वायरशार्क (जाळ्यावरची ये-जा टिपणारं सॉफ्टवेअर) लावला की अक्षर न् अक्षर वाचता येतं. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले आणि तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं.

एसएसएच पोर्ट 22 वर, एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात चालतं. पण नुसतं बसवून भागत नाही. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्या किल्लीची ओळखखूण, दिसतो. बहुतेक जण न बघताच ‘येस’ ठोकतात, आणि मध्ये बसून सर्व्हरचं सोंग घेणाऱ्या भामट्याला तीच संधी. पासवर्डऐवजी ओळख पटवायला ईडी25519 प्रकारची किल्ल्यांची जोडी बनवा, पब्लिक किल्ली सर्व्हरवर टाका, प्रायव्हेट स्वतःकडेच ठेवा, दुसऱ्या विंडोतून लॉगिन होतंय ना बघा, मगच पासवर्ड लॉगिन बंद करा. क्रम चुकला तर तुम्हीच बाहेर! प्रायव्हेट किल्लीच्या फाइलची परमिशन 600 (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. सैल असली तर क्लायंट (तुमच्याकडचा जोडणी करणारा प्रोग्राम) ती वापरतच नाही.

टेलनेट संपलं म्हणावं, तर 2016 मध्ये मिराई या मालवेअरने फॅक्टरी पासवर्डवर चालणारे कॅमेरे नि राउटर त्याच दारातून पकडले. पोर्ट उघडा आहे का हे बघायला टेलनेट क्लायंट अजूनही सोयीचा. राउटरमधला टेलनेट सर्व्हर मात्र आजच बंद करा.