बोटाला लावायचा ऑक्सिमीटर: आईच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभराचा वापर

रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण टक्क्यांत दाखवणारा, हिंगणघाटच्या मेडिकलमधून ११५० रुपयांना घेतलेला हा ऑक्सिमीटर आमच्या घरी जवळपास वर्ष झालं रोज दोनदा वापरात आहे. मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात राहते, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मागच्या दिवाळीनंतर नागपुरात आईची हृदयाची झडप बदलली. लहानपणीच्या सांधेतापानं निकामी झालेली हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप काढून कार्बनची बसवली. रात्री घर शांत झालं की तिची टिकटिक ऐकू येते.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात हृदयाचा किंवा दम्याचा पेशंट असेल तर हे यंत्र जरूर घ्या, पण नाडीचा तरंग, म्हणजे ठोक्यागणिक पडद्यावर उमटणारी लाट, दाखवणारंच घ्या. नुसते आकडे दाखवणारं तीनेकशे रुपये स्वस्त मिळतं. मी आधी तेच आणलं होतं आणि पस्तावले.

जानेवारीतली गोष्ट. पहाटे पाचला आईच्या बोटाला ते स्वस्तातलं यंत्र लावलं, तर ऑक्सिजन ८४ टक्के. काढून परत लावलं, ८३. मी शेजारच्यांची गाडी सांगितली आणि आईला शालीत गुंडाळून नागपूर गाठलं. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, तीन हजार रुपये, आणि वाटभर माझा जीव मुठीत. तिथं लावलं तर ९७. रक्ताची तपासणी केली, तीही व्यवस्थित. आई एवढंच म्हणाली, "म्या सांगतलं होतं ना व, मले दम नाही लागून राह्यला."

चूक थंडीची होती आणि थोडी माझीही. पहाटेच्या गारठ्यात बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी क्षीण होते, आणि हे यंत्र तर नाडीवरच चालतं. तरंग दिसत असता तर तो चपटा पडलाय हे तेव्हाच कळलं असतं. आता आधी तिचे हात कोमट पाण्यात ठेवते, पुसून पाच मिनिटं पांघरुणात राहू देते आणि मग यंत्र लावते.

आत नेमकं काय होतं ते मी बारावीच्या मुलांना अर्धवाहकांचा धडा शिकवताना दाखवते. यंत्र उघडं धरलं की डोळ्याला एकच लाल दिवा दिसतो. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की शेजारी फिकट जांभळा दुसरा दिवा लुकलुकताना दिसतो. तो अवरक्त. पहिल्याची तरंगलांबी ६६० नॅनोमीटरच्या आसपास, दुसऱ्याची ९४०. दोन्ही एलईडी गॅलियमच्या संयुगांचे, पण स्फटिकाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) वेगळा, म्हणून रंग वेगळा: लालसाठी साधारण १.८८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, अवरक्तसाठी १.३२. फळ्यावरचं हे गणित मुलांना रुक्ष वाटतं. तोच उजेड स्वतःच्या बोटातून आरपार जाताना पाहिला की मागच्या बाकावरचेही उठून पुढं येतात. बोटाच्या पलीकडे सिलिकॉनचा फोटोडायोड असतो, तो उरलेला उजेड मोजतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडलेल्याचं उलट.

पण उजेड तर कातडी, हाड, नख, शिरा असं सगळंच शोषतं. मग धमनीतलं रक्त वेगळं कसं ओळखायचं? हे कोडं जपानच्या निहॉन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली सोडवलं. हृदय किती रक्त फेकतं ते रक्तात रंगद्रव्य सोडून, कानाच्या पाळीतून उजेड पाठवून मोजायचं, असं त्यांचं काम चालू होतं. नाडीच्या ठोक्यानं त्यांचा आलेख सारखा हलायचा. तो हलता भाग घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं की जे हलतंय तेच धमनीचं रक्त आहे. बाकी सगळं स्थिर. दोन्ही रंगांतल्या त्या हलत्या भागांचं गुणोत्तर काढलं की ऑक्सिजनचा अंदाज येतो. आज जगभरात भूल देताना हेच तत्त्व वापरतात. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले, जगभर लोक हेच यंत्र बोटाला लावून बसले होते त्या दिवसांत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आईला पाहायला आल्या होत्या. "मावशी, तोंड उघडा पाहू," म्हणत त्यांनी घसा पाहिला, हलणारा दात आहे का विचारलं, मान मागं झुकवायला लावली. मग हात हातात घेतला. दिवाळीत नातीनं काढलेली मेंदी बोटांच्या टोकांवर अजून काळी होती. मॅडमनी ऑक्सिमीटर बोटावर आणि कानाच्या पाळीवर दोन्हीकडे लावून पाहिला, आणि "उद्या आम्ही कानालाही लावू" म्हणाल्या. बोटावरचा रंग उजेड अडवतो; नेलपेंट काढता येतं, मेंदी काढता येत नाही. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. हृदय थांबवून हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) घेतलं की पंप रक्त एकसारखं वाहतं ठेवतो, ठोका नसतोच. तेव्हा ऑक्सिमीटरचा तरंग सपाट होतो आणि आकडा निकामी. "मग तुम्ही कशावर विसंबता?" मी विचारलं. धमनीत घातलेल्या बारीक नळीतून मिळणारा रक्तदाब, आणि त्याच नळीतून थोड्या थोड्या वेळानं काढलेल्या रक्ताची तपासणी, त्या म्हणाल्या. हृदय परत चालू झालं की तो तरंग पुन्हा उमटतो, सगळेजण त्याची वाट पाहत असतात. दुसऱ्या दिवशी बाहेर बाकावर बसून मीही मनात तोच तरंग धरून बसले होते.

उन्हाचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात अंगणात मोजलं तर नुसत्या रेघा येतात, कारण बाहेरचा उजेड फोटोडायोडवर पडतो. पदरानं झाकलं की काम होतं.

धुराची गोष्ट जास्त गंभीर आहे. बंद खोलीत शेगडी किंवा शेकोटीचा धूर कोंडला तर रक्तात कार्बन मोनॉक्साइड जातो, आणि त्यानं व्यापलेलं हिमोग्लोबिन या दोन रंगांना ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. माणूस गुंगलेला आणि आकडा ९८, असं होऊ शकतं. तिथं आकडा पाहत बसू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. आमच्याकडे हिवाळ्यात अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, म्हणून हे आवर्जून लिहिते आहे.

सावळ्या कातडीवर हे यंत्र आकडा चढा दाखवू शकतं. २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं की कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची लपलेली कमतरता गोऱ्या रुग्णांच्या मानानं जवळपास तिप्पट वेळा यंत्रातून सुटली. माझी आई आयुष्यभर उन्हात कापूस वेचून रापलेली. त्यामुळे बरी असताना, हात गरम असताना तिचा स्वतःचा आकडा किती येतो ते मी आठवडाभर लिहून ठेवलं. ९६-९७. त्यावरून तीन-चार खाली गेला तर फोन करायचा, असं डॉक्टरांशी ठरलं आहे.

तरंगाचं मोल मात्र मला आईनंच पटवलं. पावसाळ्यात एका सकाळी मी आकडा पाहून यंत्र काढायला गेले, ९६ होता. ती पडद्याकडे पाहत म्हणाली, "थांब व, आज टोबण सारखी नाही. कुठं जवळ जवळ पडून राह्यली, कुठं दूर." सरकी टोबताना दोन झाडांतलं अंतर डोळ्यानं मोजणारी बाई ती. खरंच ठोके विखुरलेले होते, नाडीचा आकडाही ७८ वरून १२०, परत ९० असा उड्या मारत होता. त्याच दिवशी तालुक्याला ईसीजी काढला. हृदयाची लय बिघडलेली निघाली, नागपूरच्या डॉक्टरांनी औषध बदललं. मायट्रल झडप खराब झालेल्यांत हे होतं, म्हणाले. हे यंत्र ईसीजीची जागा घेत नाही, पण ईसीजी काढायला आम्ही त्याच्यामुळेच गेलो.

तक्रार एकच. डबीतलं माहितीपत्रक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि त्यात थंडी, धूर, मेंदी यांतलं एकही अक्षर मला सापडलं नाही. मी मराठीत अर्धं पान लिहून डबीच्या झाकणात चिकटवलं. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी ते वाचलं आणि त्यांच्या यंत्रासाठी उतरवून नेलं.