दाणे, पाणी, झाडं की लाकडी घरटं: अंगणात पक्षी यावेत म्हणून आधी काय करायचं?

मार्च सुरू झाला की प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर हे सुरू होतं. कुणी फीडरची लिंक टाकतं, कुणी मातीची भांडी फुकट वाटतंय म्हणून सांगतं, २० मार्चला चिमणी दिन असतो म्हणून लाकडी घरट्यांची ऑर्डर निघते, आणि नवीन माणूस गोंधळतो की यातलं नक्की घ्यायचं काय. माझं मत आधीच सांगून टाकते, मग भांडायला मोकळे: पहिलं पाणी, मग झाडं, आणि दाणे सगळ्यात शेवटी, तेसुद्धा तुमच्याकडे पारवे नसतील तरच.

दाण्यांपासूनच सुरू करू कारण सगळे तिथूनच सुरू करतात. दाणे टाकले की फायदा लगेच दिसतो, दोन-चार दिवसांत गर्दी होते, पण गर्दी कुणाची ते बघा ना. चिमण्या, होले, साळुंक्या, नशीब असेल तर ठिपकेवाल्या मुनिया आणि एखादा पोपट. शहरात मात्र या सगळ्यांच्या आधी पारवे येतात आणि मग ते जातच नाहीत. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून दादरला केवढा गोंधळ झाला ते सगळ्यांनी बघितलंय. भावनेचा भाग सोडा, पारव्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीत वर्षानुवर्षं श्वास घेतला तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, घरात दमेकरी किंवा म्हातारं माणूस असेल तर हा विषय हसण्यावारी नेऊ नका. शिवाय बुलबुल, शिंपी, शिंजीर (म्हणजे सनबर्ड), दयाळ हे जे खरंतर बघायला मजा येते ते पक्षी तुमच्या बाजरीकडे ढुंकूनही बघत नाहीत. कुणी किडे खातं, कुणी फळं, कुणी फुलातला मध.

तरी दाणे ठेवायचेच असतील, म्हणजे बंगला आहे, आजूबाजूला झाडी आहे, पारव्यांचा त्रास नाही, तर बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी, मूठभर, सकाळी, आणि उरलेलं संध्याकाळपर्यंत झाडून टाकायचं नाहीतर रात्री उंदीर येणारच. ताटलीपेक्षा बारीक दांड्यांचा टांगता फीडर बरा, पारव्याला त्यावर नीट बसता येत नाही. फरसाण, ब्रेड, खारवलेले शेंगदाणे नको. आणि एक गोष्ट लोक विसरतात, चिमणी दाणे खाते पण पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्या भरवते, त्यामुळे इकडे दाणे घालायचे आणि तिकडे कुंड्यांवर कीटकनाशक मारायचं याला काही अर्थ नाही.

ऑनलाइन मिळणारा तो लाल प्लॅस्टिकचा साखरपाण्याचा फीडर तर सोडूनच द्या. तो हमिंगबर्डसाठी बनवलेला असतो आणि हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपला शिंजीर कधीकधी येतो त्यावर, नाही असं नाही, पण आपल्या उन्हात साखरपाणी एक-दोन दिवसांत आंबतं, मुंग्या लागतात आणि रोज घासत बसायचं कुणी? त्या पैशात जास्वंदीची दोन रोपं येतात.

आता पाणी. पाण्याची गंमत अशी की दाणे खाणारा असो, किडे खाणारा असो, फळं खाणारा असो, पाणी सगळ्यांनाच लागतं, आणि उन्हाळ्यात तर आंघोळ पण. त्यामुळे शेदीडशे रुपयांच्या मातीच्या पसरट थाळीत जेवढी व्हरायटी बघायला मिळते तेवढी महागड्या फीडरवर मिळत नाही. पण थाळी पसरटच हवी, खोली इंच-दीड इंच, फार तर दोन. लोक सूपचा बाऊल ठेवतात, बादली ठेवतात, मग म्हणतात पक्षी येत नाहीत. कसे येतील, त्यांना तळ लागत नाही. तळ खरखरीत हवा, गुळगुळीत स्टीलवर पाय घसरतात, आणि मध्ये एक चपटा दगड ठेवायचा. बुलबुल कसा आंघोळ करतो ते एकदा बघाच, आधी काठावर बसून इकडेतिकडे बघतो, मग त्या दगडावर उतरतो, मग पोट बुडवतो, पंख फडफडवून सगळं पाणी बाहेर उडवतो, परत काठावर, परत पाण्यात, आणि शेवटी जवळच्या फांदीवर जाऊन पिसं फुगवून एक-एक पीस चोचीतून ओढत बसतो. ही फांदी महत्त्वाची आहे. भिजलेला पक्षी नीट उडत नाही, त्याला सुकायला आडोसा लागतो, म्हणून थाळी झाडापासून पाच-सहा फुटांवर ठेवायची, अगदी झुडपाला चिकटून नाही कारण तिथे मांजर दबा धरून बसतं. सावली हवी, दुपारचं उकळतं पाणी कुणी पीत नाही. आणि डासांचं काय, हा प्रश्न येतोच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे रोज पाणी ओतून नारळाच्या शेंडीने थाळी घासली तर प्रश्नच मिटला. रोज जमणार नसेल तर मात्र ठेवूच नका, शेवाळलेलं घाण पाणी कुणालाच नको.

झाडं हा सगळ्यात हळू पण सगळ्यात टिकाऊ मार्ग. इथे अंगण आणि गॅलरी असा सरळ फरक पडतो. अंगणात जमीन असेल तर तुती लावा, लवकर वाढते आणि फळं धरली की बुलबुल, कोकीळ, साळुंक्या सगळे हजर. कढीपत्ता तर लावलेला असतोच, फक्त आपण त्याला सतत खुडत राहतो, त्याला एकदा फुलू द्या, ती पिकून काळी पडलेली फळं खायला बुलबुल अक्षरशः भांडतात. देशी झुडपांत धायटी आणि अडुळसा, दोन्हीवर शिंजीर येतो, दोन्ही चिवट. आंब्यावर बांडगूळ दिसलं की लोक लगेच कोयता घेतात, ठीक आहे, झाडाला त्रास होतोच, पण एखादी फांदी ठेवलीत तर फुलटोच्या दिसेल, एरवी हा अंगठ्याएवढा पक्षी नजरेला पडत नाही. गॅलरीवाल्यांनी जास्वंद, शंकासूर मोठ्या कुंडीत लावा, आणि एक मोठ्या पानांचं काहीतरी, कारण शिंपी पानं शिवूनच घरटं करतो. पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडून त्यातून कापूस किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवलेले असतात. असं पान दिसलं तर फोटोसाठी उलगडू नका, पाणी घालताना पण कुंडी हलवू नका. कुंडीतला पालापाचोळा थोडा तसाच राहू द्या, दयाळ त्यातच उकरून किडे शोधतो.

लाकडी घरटं मी सरसकट रिकमेंड करत नाही. चिमण्या वाचवायला झटणाऱ्या नाशिकच्या मोहम्मद दिलावरांमुळे चिमण्यांचा विषय घराघरात पोचला हे मान्यच, पण परिसरात चिमण्याच नसतील तर खोकं टांगून त्या येत नाहीत. सकाळी चिवचिवाट ऐकू येत असेल तरच घ्या, भोक साधारण ३२ मिलिमीटर, त्याहून मोठं असेल तर साळुंकी शिरते. समोर बसायची दांडी असलेलं गोंडस मॉडेल नको, चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याची सोय होते. पश्चिमेच्या उन्हात आणि पंख्याजवळ लावायचं नाही. बास.

आता आलेला पक्षी ओळखायचा कसा, अॅप की पुस्तक? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन अॅप फुकट आहे, भारताचा पॅक एकदा डाउनलोड केला की नेट नसताना पण चालतं, आणि आवाज ऐकून नाव सुचवतं, ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी ही जादूच. पण ते सुचवतं, शपथेवर सांगत नाही. दयाळ दुसऱ्यांच्या नकला करतो, कोतवाल शिक्र्याचा (छोट्या शिकारी पक्ष्याचा) आवाज काढतो, अॅप अशा वेळी काहीही नाव दाखवू शकतं. आणि खारीचं ते तासन्‌तास चाललेलं चिटचिट ऐकून तुम्हीच पक्षी शोधत बसता. पुस्तकात उलट आहे, सलीम अलींचं १९४१ पासून चालत आलेलं पुस्तक घ्या नाहीतर एखादं मराठी चित्रांचं, शोधायला वेळ लागतो पण शेजारी-शेजारी चित्रं असल्यामुळे फरक डोक्यात बसतो. मी म्हणेन आवाजासाठी अॅप, खात्रीसाठी पुस्तक, एकावरच विसंबून राहू नका.

घोळ होणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत. शिंपी आणि राखी वटवट्या दोघंही शेपटी वर करून झुडपात नाचतात, पण शिंप्याची पाठ हिरवट आणि डोक्यावर तांबूस टोपी असते, वटवट्याचं डोकं राखाडी आणि पोट फिकट तांबूस. काळपट बुलबुलाच्या शेपटीखाली लाल दिसलं तर लालबुड्या, डोक्यावर टोकदार तुरा आणि गाल पांढरा असेल तर शिपाई, बुडाखाली लाल मात्र दोघांनाही असतं म्हणून नुसत्या लालवर जाऊ नका. शिंजीरच्या माद्या सगळ्यात त्रासदायक: गळा पांढुरका आणि छाती पिवळी असेल तर जांभळ्या पाठीचा, गळ्यापासूनच सगळं फिकट पिवळं असेल तर जांभळा. आणि पिवळ्या पोटावर गळ्यापासून मधोमध काळी पट्टी ओढलेला दिसला तर तो जांभळ्या शिंजीरचा नर आहे, विणीचा हंगाम नसताना असाच दिसतो, लोक त्याला नवीन जात समजून फोटो पाठवतात. ठिपकेवाली तपकिरी मोठी बाई म्हणजे कोकिळा, कुहू करणारा काळा तो नर.

थोडं जमायला लागलं की फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, किमान १५ मिनिटं एका जागी बसायचं आणि दिसलेले पक्षी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, टाकायचे, गॅलरीतून चालतं.

दुर्बीण घेणार असाल तर ८x४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. १०x५० जड पडते, हात हलतो, आणि जवळच्या फांद्यांत उड्या मारणारा शिंपी तिच्यात सापडतच नाही. फक्त फ्लॅटमध्ये राहत असाल तर समोरच्या बिल्डिंगवाल्यांच्या कानावर आधी घालून ठेवा, दुर्बीण तुमची पक्ष्यांकडे असली तरी त्यांना ती त्यांच्या खिडकीकडेच दिसते.