जुनं मोटरहोम घेण्याआधी देवास नाक्याच्या मिस्त्रींना दाखवा

इंदूरला देवास नाक्याच्या पुढे, लसूडियाच्या बाजूला, बसच्या बॉड्या बांधणारं एक गॅरेज आहे. तिथले मोठे मिस्त्री जुनी मोटरहोम, कॅम्पर व्हॅन घेण्याआधी तपासून देतात. आमच्याकडून 6,000 रुपये घेतले. पैसे फक्त घेणाऱ्याकडून घेतात, विकणाऱ्याचा चहासुद्धा त्यांनी आमच्यासमोर नाकारला. आम्ही त्यांना दोन गाड्या दाखवल्या. एक सोडली, एक घेतली. सोडलेल्या गाडीबद्दलच जास्त लिहिते, कारण ते काय आणि कसं बघतात हे तिच्यावर कळलं.

गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेलं घर. ट्रॅव्हलर इथेच पीथमपूरला बनते, त्यामुळे तिचं इंजिन, क्लच, ब्रेक जाणणारे हात इंदुरात गल्लोगल्ली सापडतात. आमच्या ह्यांनी आधी एका ओळखीच्या मेकॅनिकला नेलं होतं. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, ऑइल बघितलं आणि "घेऊन टाका" म्हणाला. इंजिन खरोखरच चांगलं होतं. पण त्या गाडीत भिंती आहेत, छप्पर आहे, पाण्याची टाकी, गॅस, बॅटऱ्या आहेत. ते बघणारा माणूस वेगळा लागतो.

मिस्त्रींनी बॉनेटला हात लावला तो फक्त इंजिन थंड आहे ना हे बघायला. आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका, असा निरोप त्यांनी विकणाऱ्याला दिला होता. गरम करून ठेवलेल्या डिझेल इंजिनात सुरुवातीचा धूर दिसत नाही. मग आतला सुगंधी डबा काढून बाहेर ठेवायला लावला, सगळी दारं-खिडक्या लावून गाडी अर्धा तास उन्हात उभी केली आणि एकदम दार उघडून आत शिरले. मागच्या पलंगापाशी थांबले. कुबट वास मलाही आला.

भिंतींना नवा व्हिनाइल पेपर होता, पण फक्त उजव्या मागच्या कोपऱ्यात. बाकी सगळीकडे जुनाच. त्यांनी पलंगाखालची फळी उचलून प्लायवर शिक्का शोधला. पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस 710 असं छापलेलं असतं. इथे आयएस 303 होतं, म्हणजे घरातल्या कपाटांना वापरतात ते. टोच्या घेऊन खिडकीखाली हलकेच दाबला, तर टोक आत गेलं. आम्ही सुतारकामाचं ओल मोजायचं छोटं मीटर नेलं होतं. दारापाशी 12 टक्के, त्या खिडकीखाली 28. लाकूड 15 च्या आत असेल तर कोरडं समजतात, 20 च्या वर गेलं की कुजायला लागतं.

पाणी येतंय कुठून, हे शोधायची त्यांची पद्धत मला फार आवडली. पाइपने पाणी मारायला सुरुवात केली ती खालून. आधी खिडकीची खालची कड, मग वरची, मग छताची कड, आणि सगळ्यात शेवटी छत. एक मुलगा आत टॉर्च घेऊन. एकदम छतावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठली फट गळतेय ते समजत नाही. खिडक्या कोरड्या निघाल्या. सोलर पॅनलच्या पट्ट्यांवर पाणी पडलं आणि आतून मुलाने हाक मारली. पट्ट्यांचे स्क्रू थेट पत्र्यातून घातले होते. जुन्या सिलिकॉनवरच नवं सिलिकॉन लावलं होतं, आणि ते जुन्याला धरत नाही, कडेने सुटतं. पाणी तिथून आत जाऊन भिंतीतल्या ग्लासवूलमध्ये, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या काचेच्या कापसात, साठत होतं आणि चार फूट लांब, खिडकीखाली, उगवत होतं. ग्लासवूल एकदा भिजलं की वाळायला जागाच नसते. पत्रा मग आतून गंजत जातो आणि बाहेरच्या रंगाला काही दिसत नाही.

"गाड़ी तो बढ़िया है मैडम, मकान में सीलन है," एवढंच ते म्हणाले. सीलन म्हणजे ओल. माझ्या दृष्टीने तिथेच निर्णय झाला होता, तरी त्यांनी काम अर्धं सोडलं नाही.

पुढे धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्यांचं वजन करायच्या काट्यावर, नेलं. डिझेल आणि पाण्याची टाकी पूर्ण भरून. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पूर्ण वजन मर्यादेच्या आत होतं, पण मागच्या एक्सलवर जास्त भरलं. कारण 150 लिटरची टाकी, म्हणजे 150 किलो पाणी, मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं. अशी टाकी आपलं वजन तर मागे टाकतेच, शिवाय पुढची चाकं उचलते. ती हलकी झाली की घाटात स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमी धरतात. हे काट्याशिवाय कुणाच्याही डोळ्यांना दिसलं नसतं.

विजेचं काम मात्र मिस्त्रींचं नाही, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. दिवे लागले, पंखा फिरला, इन्व्हर्टर सुरू झाला, की ते पुढे सरकतात. मी वीज कंपनीत नोकरी केलेली, मल्टिमीटर पर्समध्ये होता. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, बघायला छान. इन्व्हर्टरवर 1,000 वॉटची किटली लावली तर मिनिटा-दोन मिनिटांत 10.8 वर आली. बारा व्होल्टवर 1,000 वॉट म्हणजे 83 अँपिअर, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरला तर नव्वदीच्या वर. तिथे वायर होती सहा स्क्वेअर एमएमची, एवढ्या करंटला फारच बारीक, आणि हाताला गरम लागत होती. बॅटरीपाशी फ्यूज नव्हताच. ज्या गाडीत माणसं झोपणार तिथे ही आग लागायची तयारी आहे. मिस्त्रींना मी हे दाखवलं, त्यांनी मन लावून ऐकलं. तरीही तुम्ही जाताना विजेचं काम जाणणारा माणूस बरोबर न्याच.

गॅसचं त्यांनी नीट पाहिलं: साबणाचं पाणी, रबरी नळीवरची तारीख, आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक आहे का. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वरची जाळी त्याच्या कामाची नाही. टायरवरचे चार आकडेही वाचून दाखवले. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, रबर म्हातारं.

कागदपत्रं ते बघत नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण आरसीवर गाडीचा वर्ग आणि सीटची संख्या स्वतः वाचा. सोडलेल्या गाडीवर अजून प्रवासी बसचाच वर्ग होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल आरटीओत नोंदवावा लागतो, नाहीतर अपघातानंतर विम्याशी भांडत बसावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म 35, परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, हे हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

दुसरी गाडी मापाने लहान, दिसायला साधी, आतलं फर्निचर थोडं झिजलेलं. सगळ्या भिंतींची ओल 13 टक्क्यांच्या खाली, टाकी दोन एक्सलच्या मध्ये. मिस्त्री स्वतः सिमरोलच्या घाटापर्यंत चालवत आले. चढताना त्यांचं लक्ष तापमानाच्या काट्यावर, उतरताना ब्रेकवर, आणि एक कान सतत मागच्या कपाटांकडे. छतावरच्या व्हेंटचा सीलंट काढून नवा लावा म्हणाले, तो त्यांच्याकडेच लावून घेतला आणि यंदाच्या पावसाळ्यात आत थेंब आला नाही.

आणखी एक उणीव: लेखी अहवाल देत नाहीत. सगळं तोंडी. मी प्रत्येक आकडा वहीत लिहून त्याखाली त्यांची सही घेतली, आणि त्यांनी आनंदाने केली. किंमत ठरवताना ती वही विकणाऱ्यासमोर उघडता आली. सकाळची वेळ मागून घ्या. काटा, पाणी आणि घाट धरून पूर्ण दिवस लागतो, आणि दुपारनंतर सुरू केलं तर ते घाट दुसऱ्या दिवसावर ढकलतात.